बाबांची लाल गाडी

"बाबांना उठवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" सूनबाईनं छातीठोकपणे जाहीर केलं. सासूबाई नुसत्या हसल्या.

बाबा, म्हणजे तिचे सासरे, निवृत्त बसचालक. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आता चालला नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाबा पलंगाला असे चिकटले होते, जणू डिंक लावून बसवलेत! खरं तर ते घाबरले होते. पण जन्मभर बस हाकलेला माणूस हे कबूल कसं करणार?

सूनबाईच्या संशोधनाचा विषयच मुळी चिकटण्याचा. दगडातल्या बारीक छिद्रांतून पाणी वाहताना त्यातले डोळ्यांना न दिसणारे कण कसे जातात, कुठे भिंतीला चिकटतात, हे ती कॉम्प्युटरवर घडवून बघायची. तिनं कॉम्प्युटर बाबांच्या पायथ्याशीच मांडला. मन रमलं की पाय हलतील, हा तिचा हिशोब.

मन रमलं. पाय जिथल्या तिथे!

"अगं, हा बघ कसा आडवा घुसतोय! लायसन कोणी दिलं याला?"

"बाबा, त्याला पाणी ढकलतंय."

"पकडलं की सगळे हेच सांगतात! मला एक दे. लाल रंगाचा. ती माझी गाडी. ती पार झाली की मीही उठतो!"

सूनबाईनं स्वयंपाकघरातल्या सासूबाईंकडे विजयी नजर टाकली आणि घाईघाईनं एक कण लाल केला.

लाल गाडी तसूभर हलेना.

"चिकटली वाटतं," सूनबाई पुटपुटली.

"मग मीही इथेच!"

तिनं पाण्याचा वेग वाढवला. चिकटलेले कण पटापट सुटले. लाल गाडी ढिम्म! आणखी वाढवला. कॉम्प्युटरचा पंखा विमानासारखा घोंगावू लागला, सगळा दगड रिकामा झाला, आणि मधोमध एकटी लाल गाडी!

"बघितलंस?" बाबांची छाती फुगली. "सगळे पळाले, माझा पठ्ठ्या हलला नाही!" आणि त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"आधी तो भोंगा बंद करा!" सासूबाई स्वयंपाकघरातून तरातरा आल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"अगं, नको! माझी गाडी!"

चादर एकीकडे, बाबा दुसरीकडे! खोली ओलांडून त्यांनी बटणावर पंजा ठेवला. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही तळवे भिंतीला टेकले.

"सूनबाई... मी चिकटलो गं."

"बाबा, प्रवाह वाढवू का?"

"चेष्टा सुचतेय तुला!"

सासूबाईंनी आपला खांदा पुढे केला. "इकडे हात ठेवा. इतकी वर्षं तुमच्या गाडीत बसले, आज मी चालवते. पडलात तर माझ्यावर पडा."

भिंतीवरचा एक तळवा सुटला. मग दुसरा. दोघं हळूहळू खिडकीशी पोचले.

सूनबाईनं डोळे पुसले आणि हा एकच कण एवढा हट्टी कसा, म्हणून प्रोग्राम उघडून बघितला. मग कपाळावर हात मारला. कण वेगळा दिसावा म्हणून तिनं त्याला जो नंबर दिला होता, तो दगडासाठी राखलेला! रंग लाल, पण प्रोग्रामच्या लेखी ती गाडी नव्हतीच, भिंत होती. चूक दुरुस्त करायला तिनं बोट उचललं, तेवढ्यात खिडकीजवळून हाक आली.

"सूनबाई, माझी गाडी आहे ना गं जागेवर?"

"आहे, बाबा," ती म्हणाली. "हँडब्रेक ओढलाय."