शब्द बदलायचा नाही

या, जरा पुढे सरका. कान इकडे द्या. देवाघरी गेलेल्या एका मास्तरांची गोष्ट सांगायची आहे. हसू आलं तर खुशाल हसा, रागवायला ते आता इथे नाहीत.

मास्तर शाळेत इंग्रजी शिकवत. व्याकरण, कविता, पत्रलेखन, सगळं तोंडपाठ हवं. पुस्तकातला शब्द बदलला की गुण कापले, म्हणताना मध्येच थांबलं की छडी. एका सकाळी वर्ग एका सुरात कविता म्हणत होता आणि खुर्चीत बसल्या बसल्या मास्तरांची मान कलली. डोळे मिटून ऐकायची त्यांची सवयच होती. "थांबा" कुणी म्हणेना, म्हणून एकेचाळीस पोरांनी कविता पुन्हा पहिल्यापासून धरली. अशी सहा वेळा झाली. घंटेनंतर शिपायाने हात लावून पाहिलं, तोवर मास्तर गार पडले होते.

हेडसरांनी फर्मावलं, "प्रत्येकाने मास्तरांच्या पत्नीला, काकूंना सांत्वनाचं पत्र लिहायचं. इंग्रजीतच. मास्तरांच्या आत्म्याला तेवढंच बरं वाटेल."

पुस्तकात नमुन्याचं पत्र होतंच. ते जहाजाच्या एका वारलेल्या कप्तानाबद्दल होतं. मास्तर विहिरीत डोकवायलाही भीत; पण एकेचाळीस पत्रांत ते वादळाशी झुंजले. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तीच ओळ होती: सुट्टीत आमच्याकडे राहायला या, आई वाट पाहते आहे.

सुट्टी लागली. हजेरीपटावरच्या पहिल्या मुलीच्या दारात काकू उभ्या राहिल्या. हातात पिशवी, काखेत वळकटी.

"अगं बाई, काकू! कुठे निघालात?" मुलीच्या आईने विचारलं.

"इथेच. तुम्ही वाट पाहताय ना?"

"मी?" आईने मुलीकडे डोळे वटारले. "काय लिहून ठेवलंस गं कार्टे?"

"पुस्तकात होतं..." मुलगी पुटपुटली.

आई म्हणाली, "काकू, पोर चुकली. आमच्या दोनच खोल्या, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. राग मानू नका."

काकू उंबऱ्यावरच टेकल्या. "राग कसला? ते पत्र तीस वर्षं ऐकतेय मी. हे झोपेतसुद्धा म्हणायचे. पुस्तकातलं आहे, एवढं कळतं मला." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण आता घरात कुणी काही म्हणतच नाही हो. शेजारच्यांची भांडणं ऐकायला भिंतीला कान लावून बसते."

काकूंनी पिशवीतून मुलीचं पत्र आणि मास्तरांचं लाल पेन काढलं, पत्रावर दहापैकी दहा लिहिले आणि ते तिच्या हातात दिलं.

"पूर्ण गुण. आता शब्द बदललास, तर मात्र कापावे लागतील."

आईने आत जाऊन सासूबाईंच्या खाटेशेजारी चटई अंथरली.

काकूंची अजून चाळीस घरं बाकी आहेत. तुमची पोर त्या वर्गात असेल, तर एक चटई झटकून ठेवा. आणि हात जोडाल तेव्हा मास्तरांची आठवण असू द्या. त्या सहा वेळांपैकी एकदा तरी कविता त्यांच्या कानी पडली असो, एवढं देवाजवळ मागा.