भिंतीवर उठलेलं इंग्रजी

सुभद्रानं ठरवलं, रोज थोडे कठीण इंग्रजी शब्द पाठ करायचे आणि ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं लिहायचे. कागदावर लिहिण्यात अर्थ नव्हता. माहेरच्या डिक्शनरीची पहिली पानं लेकरानं खाल्ली होती. (त्याला ती पचली. तिला पचली असती की नाही, देव जाणे.)

वसमतला मुलींची शाळा निघणार होती आणि सोमवारी हैदराबादहून शाळाखात्यातल्या मोठ्या बाई तिथली मास्तरीण निवडायला येणार होत्या. "साधं इंग्रजी कुणालाबी येतं," तहसीलीत कारकून असलेले तिचे यजमान तातेराव म्हणाले होते. "मोठ्या बाईला भारी शब्द लागतेत."

मग काय! लेकरू कडेवर, भाकरी तव्यावर, डोळे भिंतीवर. भाकरी करपायची, पण शब्द पक्का व्हायचा. आपल्याला हे जमेल का, ही शंका दर भाकरीला यायची. तिलाही ती भाकरीसारखीच उलथून टाकायची.

पुसेगावला लेकीकडे गेलेल्या सासूबाई, गोजरबाई, शनिवारी परतल्या आणि चुलीपुढंच थिजल्या.

"सुभद्रे! भिंतीवर काय उठलंय ह्ये?"

"आत्याबाई, इंग्रजी हाय. मीच लिहिलं."

"चूप! मराठी म्या देवळात बघितली, उर्दू चावडीवर. ह्ये दोन्ही न्हाई. ही भानामती हाय!"

शेजारच्या भिकाबाईंनी लगेच साक्ष दिली. "व्हय माय! अन् ही रोज चुलीपुढं एकटीच बोलून राहिली. म्या कान देऊन ऐकलं."

घटकाभरात थावरा देवरुषी कडुलिंबाचा डहाळा घेऊन हजर. "आधी भिंत सारवा," तो म्हणाला.

"सोमवारपर्यंत नका सारवू!" सुभद्रा भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"काहून? सोमवारी काय हाय?"

"हैदराबादहून बाई येनार हाय. मला निवडायला."

भिकाबाई दोन पावलं मागं सरल्या.

"कोण हाईस तू? बोल!" थावरानं डहाळा फिरवला.

आता वाचूनच दाखवावं, म्हणजे पटेल, असं सुभद्राला वाटलं. (शिकल्यासवरल्या माणसाला असंच काहीतरी सुचतं.) तिनं भिंतीवर बोट ठेवलं. "ऑब्स्टिनेट! म्हंजी हट्टी."

"हट्टी हाय," थावरानं सगळ्यांना समजावलं.

"इन्डिफॅटिगेबल! म्हंजी न थकनारी."

"लवकर जायची न्हाई."

"व्होरेशस! म्हंजी अधाशी."

"कोंबडं लागंल."

गोजरबाई कोंबडं धरायला उठल्या, तेवढ्यात दारात सायकल वाजली. तातेराव! सुभद्राचा जीव भांड्यात पडला. "आता तुमीच सांगा यांना, हे काय हाय ते!"

सगळ्यांनी त्यांना भिंतीपुढं वाट करून दिली. इंग्रजी तार वाचणारा माणूस म्हणून अख्ख्या कुरुंदा गावात तातेरावांचा लौकिक होता. त्यांनी भिंत वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. टोपी काढून घाम पुसला.

"आई," ते म्हणाले, "मी इतके साल तहसीलीत हाय. इंग्रजी असं नसतं."

थावरानं डहाळा उचलला. सुभद्रानं लेकरू नवऱ्याच्या हातात दिलं, पदर खोचला आणि डोकं पुढं केलं. "मला काय मारायचं ते मारा, थावराभाऊ. भिंतीला मात्र हात लावायचा न्हाई."

लिंबाचा पाला केसांत अडकत होता, तरी ती मनात शब्द घोकतच होती. काळजी आता एकच उरली होती: सोमवारच्या बाईंना तरी ही भाषा येत असेल ना?