सात भोकांचा मुकुट

एका जंगलात, बाळांनो, एक माळरान होतं. तिथे फार पूर्वी लढाई झाली होती. कुणाकुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे तिचा अभिमान सगळ्यांनाच होता.

त्या माळावर चांद्या नावाचं म्हातारं तट्टू राही. जन्मभर टांगा ओढून चांद्याची हाडं खिळखिळी झाली होती. माळावरचं कोवळं गवत, एवढंच काय ते त्याचं सुख. दातही तेवढ्यापुरतेच उरले होते.

एकदा चरताना त्याच्या तोंडाला गंजलेलं लोखंड लागलं. अर्ध्या कड्यासारखं वाकडं, सात भोकांचं. कोल्ह्याने ते पाहिलं आणि थेट सिंहमहाराजांच्या दरबारात नेलं.

इतिहासतज्ज्ञ साळिंदरपंतांना बोलावणं गेलं. पंतांच्या अंगावरच शेकडो लेखण्या. त्यांच्या विद्वत्तेवर शंका घ्यायची कुणाची छाती?

पंतांनी लोखंड हुंगलं. "महाराज, हा आपल्या मूळपुरुषाचा रणमुकुट! ही भोकं सात रत्नांची."

"रत्नं कुठं गेली?"

"शत्रूनं पळवली."

"तरीच!" महाराज गहिवरले. इतके दिवस त्यांना शत्रूच सापडत नव्हता.

लगेच हुकूम सुटला. माळावर स्मारक बांधायचं. गवत खणून फरशी घालायची.

ते चांद्याच्या कानावर आलं. लटपटत तो दरबारात गेला.

"सरकार, लहान तोंडी मोठा घास घेतो. ह्यो मुकुट न्हाई, घोड्याचा नाल हाय. लढाईत निसटला असंल. भोकं खिळ्यांची हायेत."

पंतांनी काटे फुलवले. "पुरावा?"

"ह्यो बघा की!" चांद्याने भाबडेपणाने पुढचा पाय वर केला.

पंत वाकले. सात भोकं मोजली. क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मग ते कडाडले, "महाराज, घात झाला! राजघराण्याचा मुकुट या टांग्याच्या तट्टानं पायात घातलाय!"

दरबाराच्या भावना दुखावल्या. ज्यांना भावना नव्हत्या, त्यांच्या जरा जास्तच दुखावल्या.

चांद्याचे चारही नाल उपटले गेले. माळावर स्मारक उभं राहिलं. आत काचेच्या कपाटात पाच मुकुट ठेवले. पंतांनी पाच पिढ्यांचा इतिहास लिहिला. चार मुकुटांना गंज नव्हता. त्यावरून ते चार राजे अत्यंत स्वच्छताप्रिय होते, हे सिद्ध झालं.

बिचारा चांद्या! गवत गेलं, खुरं बोडकी झाली. भूक मात्र होती तिथेच होती. शेवटी पंतांनाच दया आली. त्यांनी त्याला स्मारकाच्या दारात नोकरी दिली.

आता तो तापल्या फरशीवर पाय आलटूनपालटून टेकत उभा असतो. कुणी आलं की मान खाली घालून सांगतो, "ही सात भोकं रत्नांची. रत्नं शत्रूनं पळवली." संध्याकाळी त्याला मूठभर वाळलं गवत मिळतं.

तात्पर्य : बाळांनो, खरं जरूर बोलावं. फक्त पुरावा जवळ बाळगू नये.