झेंडूचा तळ

सुभेदार इंगोलेकाका आमच्याकडे जेवायला आले, की बसण्याआधी खिशातून पाणसळ काढून पाटावर ठेवतात. तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत पाटाखाली कागदाच्या घड्या सारत राहतात. तोवर वरण निवतं. "पयले लेवल, मंग बाकी," असं त्यांचं म्हणणं. आमची ही आता त्यांना सगळ्यांत शेवटी वाढते.

काका फौजेत, इंजिनिअर पलटणीत होते. लडाखकडे, जिथे गवतही धड उगवत नाही, तिथे जवानांसाठी तळ बांधायचे. बराकी, रसोडा, हेलिपॅड, सगळं. बायकोला तिथे न्यायची परवानगी नव्हती. शोभाकाकू इथे भातकुलीला झेंडूची शेती बघायच्या आणि दर सुट्टीत एकच म्हणायच्या, "तुमी जठी रायता, ते मले एकदा पाहाचं हाय." रिटायर झालो की नेतो, असा काकांनी शब्द दिला होता. पण ते रिटायर होईपर्यंत काकूंना दम्याने गाठलं. उंचावर न्यायचं नाही, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं.

मग एका सकाळी काका शेतात चुन्याच्या फक्कीने रेषा मारताना दिसले.

"काय करून राहिले, काका?"

"तळ बांधून राहिलो."

"कशाचा?"

"झेंडूचा. भिंत म्हंजे झेंडूची रांग, दरवाजा म्हंजे मोकयी जागा. तिले चालून पाहाता आलं पायजे."

पावसाळाभर ते काळ्या मातीशी भांडत होते. माती पाण्याने फुगायची, उन्हाने भेगाळायची आणि बुडबुडा काही जागेवर राहायचा नाही. "तठचा बरफ बरा," ते पुटपुटायचे. दसऱ्याला तोडणीच्या बायांनी रसोड्याची अख्खी भिंत खुडून बाजारात पाठवली, तेव्हा काका हात मागे बांधून त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"बाई, तुमी माया रसोडा इकला."

"मंग भिंत हाय म्हून पाटी लावाची न, काका," बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे पाट्या लागल्या.

दिवाळीनंतर भिंती पुन्हा फुलल्या. एका कलत्या उन्हात काका काकूंना घेऊन निघाले. काकूंना दम लागला तर बसायला म्हणून मी स्टूल घेऊन मागे. खालून धुकं उठत होतं आणि त्यात तो केशरी तळ जमिनीपासून जरासा वर तरंगल्यासारखा दिसत होता. काकू चुकून बराकीची भिंत ओलांडून आत गेल्या. काकांनी त्यांना परत पाठवलं. "दरवाज्यातून ये." त्या वळसा घालून दरवाज्यातून आल्या.

काकूंनी सगळं पाहिलं. शेवटच्या भिंतीपलीकडे मातीचा एक साधा उंचवटा होता. तिथे फुलं नव्हती, पाटीही नव्हती.

"अन् हे काय हाय?"

"काई नाई. ड्युटी संपली की मी अठी येऊन बसो."

"काहून?"

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "अठून आपलं घर कोन्या बाजूले हाय, तेवढं मले मालूम होतं."

मला तिथे उभं राहवेना, पण स्टूल माझ्याच हातात होतं. काकूंनी ते मागितलं नाही. त्या त्या उंचवट्यावरच बसल्या आणि काकांना शेजारी जागा करून दिली. समोर शेताच्या बांधाला लागूनच त्यांचं घर होतं. काकू त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"लय दूर दिसते वो," त्या म्हणाल्या.