मागच्या चाकाची हवा

गुरुवारी सकाळी वडील दाढीला बसले, तशी मुलगी पॅसेजमध्ये गेली, सायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि केसातली पिन व्हॉल्व्हमध्ये दाबली. फुस्स आवाज झाकायला ती खोकली.

“औषध घे गं काहीतरी,” आतून वडील म्हणाले. “तीन आठवडे झाले त्या खोकल्याला.”

सायकल पोलादी होती, डोंगरात चालवायची. पुढच्या चाकाला शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, मागे काहीच नाही. मागचे दणके थेट मणक्यात. सायकलवाले तिला हार्डटेल म्हणत. सर्व्हेअर म्हणून निवृत्त झाले त्या आठवड्यात वडिलांनी ती घेतली, तेव्हा टांग टाकून बसायचे. पुढे टांग वर जाईना, तेव्हा त्यांनी युक्ती काढली. सायकल जमिनीपर्यंत आडवी करायची, दांडा ओलांडायचा आणि मग तिच्यासकट उभं राहायचं. “पोलाद आहे,” म्हणायचे. “लवतं, मोडत नाही.” हे कुणाबद्दल, ते विचारायची सोय नव्हती.

मागच्या महिन्यात ते उतारावर पडले आणि कोपर सोलून घरी आले. सायकल सोडा म्हणून मुलीने डॉक्टरांचा हवाला दिला, गुडघ्यांचा दिला, ट्रकांचा दिला. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हेल्मेट घातलं. दुसऱ्या दिवसापासून पिन सुरू झाली.

तिचा विचार एका दिवसापुरताच होता. पण वडील सायकल ढकलत चौकातल्या मिस्त्रीकडे गेले. बावीस वर्षांत सायकलला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणा कारागिराचा हात लागला नव्हता. मिस्त्रीने ट्यूब पाण्यात बुडवली. एक बुडबुडा नाही. तरी नवी घातली. दुसऱ्या दिवशी चाक बसलेलं. पुन्हा नवी. तिसरी ट्यूब काढताना दोघांची जुंपली.

“मिस्त्री, तुमचा हात गेला आता.”

“हात शाबूत आहे साहेब, तुमची नजर गेली. काट्यांवरून घालता नि मला बोलता.”

“काट्यांवरून? मी? अख्खे डोंगर पायी मोजलेत मी!”

“मग आता हीसुद्धा पायीच न्या!”

बोलणं बंद झालं. वडील समोरच्या, काचा लावलेल्या नव्या सायकलच्या दुकानात गेले. तिथे “आजोबा, बॅटरीवाली दाखवू का?” असं विचारल्यावर आल्या पावली परतले. मग रोज उठल्यावर स्वतःच पंप मारू लागले. दाढी करून येईपर्यंत चाक पुन्हा बसलेलं असे.

मुलीला सांगता आलं असतं. पण आधी ती एका चाकाची गोष्ट होती, आता एका मैत्रीची झाली होती. दर दिवसागणिक तोंड उघडणं अवघड होत गेलं.

त्या गुरुवारी वडिलांनी चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. रागावले नाहीत. “गेली,” एवढंच म्हणाले, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. शुक्रवारी सकाळी ते उठलेच नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

पाचव्या दिवशी घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. “मुलगी असावी तर अशी,” आत्या सगळ्यांना सांगत होती. “डोळ्यांत तेल घालून जपलं हो माझ्या भावाला.”

तेवढ्यात दारात मिस्त्री येऊन उभा राहिला. खांद्यावर तीन ट्यूबा, टम्म फुगवलेल्या.

“हा काय पोहायला निघालाय?” आत्या कुजबुजली. आत्याची कुजबूज शेजारच्या घरात ऐकू जायची.

मिस्त्री काही बसेना. “ताई, या साहेबांच्याच. काढल्या तशा फुगवून दुकानात टांगल्या होत्या, ते आले की दाखवायला. दाबून बघा.” मुलीने दाबली. दगडासारखी घट्ट. “म्हणजे ट्यूबा चांगल्या. मग चूक माझ्या बसवण्यात. साहेब बरोबर बोलत होते, हात गेला माझा, आणि मी उलट भांडलो. ते गेल्यापासून दुकान उघडलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या चाकाला हात लावायचा धीर होत नाही.”

मुलीने ट्यूब खाली ठेवली.

“मिस्त्रीकाका, हवा मी सोडायचे.”

“कुठे?”

“इथेच. बाबा दाढीला बसले की. पिनेने.”

आत्याच्या हातातला कप बशीवर वाजला. मिस्त्रीने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, बराच वेळ. मग कारागिराला पडावा तोच प्रश्न त्याला पडला.

“मागच्याच चाकाची का?”

“पुढचं चाक दाढीच्या आरशात दिसायचं.”

हसू त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. “अहो ताई, एवढा खटाटोप! सरळ सांगायचं ना त्यांना.”

“सांगितलं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते. गुडघ्यांचं. ट्रकांचं.”

“ते तर मीही सांगायचो. तुमच्या मनात काय होतं, ते सांगायचं.”

पॅसेजमध्ये सायकल भिंतीला टेकून उभी होती, मागचं चाक बसलेलं. मुलगी तिकडे वळली आणि एवढ्या लोकांदेखत, वडील आत दाढी करत असावेत अशा रोजच्या आवाजात म्हणाली,

“बाबा, तुम्ही पडाल याची मला फार भीती वाटते.”