मुक्त फाटकाचा परवाना

मक्तेदारी ही समाजाला लागलेली कीड आहे, याबद्दल ज्यांच्याकडे मक्तेदारी नाही अशा सर्व लोकांचे एकमत आहे. ज्यांच्याकडे ती आहे त्यांचे मत वेगळे असते, पण ते सहसा बोलत नाहीत. त्यांना बोलायची गरज पडत नाही. बोलण्याचे काम मग मुक्तकाकांसारख्यांवर येऊन पडते, आणि ते काम मुक्तकाकांनी कधी अंगावरून झटकले नाही.

मुक्तकाका पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. खात्यात त्यांच्या टेबलावर पहिल्यांदा संगणक आला, तेव्हा त्यांनी त्याचे मागचे झाकण आधी उघडले आणि पुढची बाजू नंतर पाहिली. तेव्हापासून त्यांचे आणि संगणकाचे जे जमले ते जमलेच. 'सॉफ्टवेअर मुक्त असलं पाहिजे' हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत, की इमारतीतल्या पोरांनी त्यातला एक शब्द उचलून त्यांना चिकटवला. काकांना ते नाव आवडले. (काकूंना विचारले नव्हते.)

काकांची मते तीन होती, आणि विषय कोणताही असला तरी ती तीनच होती. पहिले मत असे, की एक कंपनी जगाच्या मानगुटीवर बसली आहे. तिचे नाव ते घेत नसत, फुकट जाहिरात होते म्हणून. नुसते 'ती कंपनी' म्हणत. दुसरे असे, की विज्ञान वाटल्याने वाढते, आणि चाक शोधणाऱ्याने चाकावर परवाना लावला असता तर आज आपण सगळे पायीच हिंडत असतो. तिसरे मत म्हणजे समाज झोपला आहे. या तिसऱ्या मताचा पुरावा, पहिली दोन मांडून होईपर्यंत, त्यांना समोरच दिसू लागे.

चौथ्या मजल्यावरचे आजोबा गेले, तेव्हा काका भेटायला गेले आणि आजोबांचे फोनमधले फोटो आता कायद्याने नेमके कोणाचे, हे त्यांनी आजींना समजावून सांगितले. आजींनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "फोटोत ते तसेही कधी हसले नाहीत. ठेवू दे कंपनीला."

अशा निद्रिस्त समाजाला जाग यावी म्हणूनच की काय, एके सकाळी इमारतीचे फाटक उघडेना. फाटकाला 'त्या' कंपनीचे फोनवरून उघडणारे कुलूप होते. कंपनीने रातोरात त्यात एक सुधारणा केली होती, आणि सुधारणेनंतर प्रत्येक रहिवाशाने आपल्या फोनमधले सगळे नंबर फाटकाच्या स्वाधीन केल्याशिवाय फाटक हलायला तयार नव्हते. तळमजल्यावरच्या आत्याबाई खिडकीतून ओरडल्या, "माझ्या भावजयीचा नंबर घेऊन फाटक काय करणार? मी सुद्धा तिला फोन करत नाही!"

काकांना आयुष्यात प्रथमच जागा असलेला श्रोतृवर्ग मिळाला. इमारतीचे सचिव म्हणजे दातांचे डॉक्टर. गेली कित्येक वर्षे ते सचिवपद सोडायला बघत होते आणि घ्यायला कोणी मिळत नव्हते. त्यांनी तातडीने सभा घेतली, आणि कंपनीचे कुलूप काढून तेथे काकांनी घरी तयार केलेली 'मुक्त फाटक प्रणाली' बसवावी, असे एकमताने ठरले. (तिसरा मजला तटस्थ राहिला. तिसरा मजला जेवायला बसला होता.)

नवी प्रणाली खरोखरच मुक्त होती. ती कशी चालते हे कोणीही वाचावे, कोणीही बदलावे, कोणीही तिच्या प्रती काढाव्यात. काकांनी तिचा संपूर्ण मजकूर छापून, दोरीत ओवून, प्रवेशद्वारापाशी ठेवला. तो गठ्ठा इतका जाडजूड होता, की पोस्टमन त्याच्यावर पार्सले ठेवू लागला. फाटक उघडायला रहिवाशाने दर आठवड्याला नवा परवलीचा आकडा घ्यायचा आणि फक्त सात आज्ञा टाइप करायच्या होत्या, त्याही क्रमाने. सुधारणेची आकडेवारी पुढीलप्रमाणे:

फाटकासाठी कंपनीवर अवलंबून असलेले रहिवासी, पूर्वी: सर्व.
कंपनीवर अवलंबून असलेले रहिवासी, आता: एकही नाही.
काकांवर अवलंबून असलेले रहिवासी, आता: सर्व.

"काका, मला नाही हो जमत ते," असे कोणी खालून ओरडले, की काका गॅलरीत येऊन प्रेमाने म्हणत, "अरे, सगळं खुलं आहे! बघा, शिका, करा. कोणी अडवलंय का?" आणि मग स्वतःच चपला सरकवून खाली येत आणि फाटक उघडून देत. नोकरीत असताना 'साहेब, तुमच्यावाचून अडलंय' हे शब्द त्यांनी रोज ऐकले होते. निवृत्तीनंतर ते एकदाही कानावर पडले नव्हते, आणि त्याची टोचणी त्यांनी काकूंनाही कधी सांगितली नव्हती. आता ते शब्द दिवसभर ऐकू येत. काकांचे वजन वाढले आणि रक्तदाब उतरला.

एकच गोष्ट राहिली होती. कंपनीच्या अटी लांबलचक असतात यावर काकांनी अनेक व्याख्याने दिली होती. पण स्वातंत्र्याचा गैरवापर होऊ नये म्हणून स्वातंत्र्यालाही अटी लागतातच, त्यामुळे मुक्त फाटकाचा परवाना कंपनीच्या परवान्यापेक्षा थोडा मोठा झाला. डॉक्टरांनीही मायेने, छपाईला जाताजाता, त्यात एक कलम घालून दिले. (नमुन्यादाखल: कलम सात, फाटक म्हणजे फाटक, तसेच फाटकाचा कोणताही भाग, बिजागरी धरून. कलम आठ, फाटक उघडे असणे म्हणजे बंद नसणे. कलम नऊ, हा परवाना, अथवा त्याचे वर्णन असलेला कोणताही मजकूर, येथपर्यंत वाचणाऱ्या व्यक्तीस इमारतीचे पुढील वर्षाचे सचिवपद मान्य आहे असे धरण्यात येईल. कलम दहा, बिजागरीला तेल घालणे हे फाटकात बदल करणे समजले जाणार नाही.) सर्व रहिवाशांनी शेवटच्या पानावर 'मान्य' असे लिहून सह्या केल्या. वेळ वाचावा म्हणून मधली पाने कोणी उलटली नाहीत.

येथवर सर्व सुरळीत होते. मग लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या शहरात राहत होती, पहिलटकरीण होती, आणि डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली होती.

"दोघांनीही जायचं," काकू म्हणाल्या.

"मी आलो तर फाटकाचं काय?"

"का? फाटकाला दिवस गेलेत का?"

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नव्हते. काकांनी घाईघाईने उत्तराधिकारी तयार करण्यासाठी खालच्या हॉलमध्ये वर्ग भरवला. दोन जण आले: दवाखान्यातून तासभर सुटका हवी असलेले डॉक्टर, आणि हॉलमधला पंखा घरच्यापेक्षा जोरात फिरतो म्हणून आलेल्या आत्याबाई. तिसऱ्या आज्ञेपाशी दोघांचीही मान पडली. काका निघाले, पण त्यांचा जीव फाटकात अडकला होता. निघताना डॉक्टर म्हणाले, "काका, निश्चिंत जा," आणि या 'निश्चिंत'ने काकांची उरलीसुरली झोप उडवली.

नात झाली. गोरी की सावळी, कोणासारखी, हे बघायला तिने कोणाला उसंतच दिली नाही. ती अखंड रडत होती. लेकीने जोजवले, जावयाने फेऱ्या मारल्या, काकूंनी आपला सगळा अनुभव पणाला लावला, पोरगी ऐकेना. शेवटी दुपारी तिला काकांच्या मांडीवर दिले. तान्ह्या बाळाशी काय बोलायचे हे काकांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी पहिल्या मतापासून सुरुवात केली. मग, आपण कसल्या जगात आलो आहोत हे तिला वेळीच कळावे, या हेतूने जावयाच्या फोनवर 'त्या' कंपनीने नुकत्याच पाठवलेल्या नव्या अटी मोठ्याने वाचायला घेतल्या. दुसऱ्या कलमाला नात गाढ झोपली. तिसऱ्या मताचा हा सर्वांत लहान पुरावा होता.

त्यानंतर घरात काकांची मागणी काय वर्णावी! बाळ किरकिरले की काका. काका अंघोळीला गेले की सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळायचे. कंपनीच्या अटी संपेनात, हे काकांना प्रथमच बरे वाटू लागले.

लेक म्हणाली, "बाबा, तुमचं वाचन थोडं रेकॉर्ड करून ठेवते. तुम्ही गेलात की लावीन."

"छे छे! रेकॉर्डिंगनं नाही झोपायची ती. समोर बसून वाचावं लागतं."

"करून तर बघू."

"आणि मी प्रती काढायला परवानगी दिलेली नाही," काका म्हणाले.

काकू दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचा हात थांबला. "काय म्हणालात?"

"कुठे काय? काही नाही," असे म्हणून काका खिडकीबाहेर बघू लागले.

ते रोज डॉक्टरांना फोन करत. "काही अडलंय का?" "नाही काका." दुसऱ्या दिवशी, "आकडा बदलला असेल, अडलं असेल ना?" "अजिबात नाही, काका. मजेत." सुरुवातीला काकांना वाटले, माणूस आपल्याला बरे वाटावे म्हणून खोटे बोलतोय. मग लक्षात आले की तो खरे बोलतोय, आणि याचे त्यांना फार वाईट वाटले.

परत आले तेव्हा फाटक सताड उघडे होते, आणि त्याच्या बुडाशी एक वीट होती.

झाले होते असे. काका गेल्यावर आकडा बदलला, फाटक बंद झाले आणि सगळी इमारत आतल्या आत अडकली. तेवढ्यात वीज गेली, कुलूप आपोआप सुटले, आणि ती परत यायच्या आत आत्याबाईंनी कुंडीखालची वीट काढून फाटकाला लावली. मात्र तिथे उतार असल्यामुळे वीट कशीही ठेवून चालत नव्हते. फरशीला एक टवका होता, त्याला टेकवून, आडवी नाही, कडेवर, जरा तिरकी, अशी ती ठेवावी लागे. नाहीतर फाटक मागून येऊन गाडीवर आदळे. गाड्यांच्या हादऱ्याने वीट सरके, आणि ती नेमकी जागा आत्याबाईंनाच जमत होती. त्यामुळे गाडी काढायची असली की लोक आता आत्याबाईंच्या खिडकीशी जात. आत्याबाई लगेच बाहेर येत, एवढेच की येण्याआधी आपल्या गुडघ्याची हकीकत सांगत. लोक 'हो का', 'अरे बापरे' किंवा 'काळजी घ्या' यांपैकी एक म्हणून ती मान्य करत. शेवटपर्यंत ती कोणी ऐकली नव्हती.

काकांनी वीट स्वतः लावून बघितली. फाटकाने त्यांच्या सुटकेसला धडक दिली. पुन्हा लावली. आता फाटकाने काकांनाच ढकलले.

"आत्या, ही शुद्ध मक्तेदारी आहे!" काका कडाडले. "अख्ख्या इमारतीचं फाटक एकट्या तुमच्या हातात! उद्या तुम्ही कुठे गेलात तर?"

आत्याबाई खिडकीच्या गजांना धरून निवांत उभ्या होत्या. "अरे, वीट खुली आहे," त्या म्हणाल्या. "बघा, शिका, करा. कोणी अडवलंय का?"

काकू इतक्या हसल्या, की त्यांना त्या चेपलेल्या सुटकेसवरच बसावे लागले. हे आपलेच वाक्य आहे हे काकांना कळले, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कसे लागते तेही कळले. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचा आनंदही त्यांच्या ओळखीचा होता. गॅलरीतून चपला सरकवून खाली येताना तो रोज त्यांच्याच चेहऱ्यावर असे.

"आत्या," ते म्हणाले, "गुडघा कसा आहे?"

काका अटी पूर्ण वाचणारा माणूस. त्यांनी गुडघा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, डावा झाल्यावर उजवाही ऐकला. आत्याबाईंना भरून आले. त्यांनी काकांना हाताला धरून नेले आणि टवका दाखवला. अशा रीतीने मक्तेदारी मोडली. सध्या ती दोघांत आहे, आणि तिसऱ्याला शिकवायची दोघांनाही घाई नाही.

संध्याकाळी काकांनी खुर्चीत बसून, कंपनीच्या अटींची पहिली वीस कलमे स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून लेकीला पाठवली. सोबत लिहिले, 'हव्या तेवढ्या प्रती काढ. अट एकच: झोपली की नाही ते रोज फोन करून कळवणे.' नात पहिल्या कलमालाच झोपल्याचे कळले. काकांना थोडे वाईट वाटले, आणि पुष्कळ बरे वाटले.

आता राहता राहिला सचिवपदाचा प्रश्न. डॉक्टरांची मुदत संपली आहे आणि दवाखान्यात ते शीळ घालू लागले आहेत. त्यांचे ते कलम इमारतीत कोणालाच लागू झाले नाही, कारण तेथपर्यंत कोणी वाचलेच नाही. तुम्ही मात्र वाचलेत. कंस सोडून वाचायची सवय असल्यामुळे आपण ते पाहिलेच नाही, असे तुम्ही म्हणाल. पण न वाचता पुढे जाणे म्हणजे मान्य असणे, हा नियम तुम्ही आजवर इतक्या ठिकाणी पाळला आहे, की आताच तक्रार कशाला?

अभिनंदन. कार्यालयाच्या किल्ल्या आत्याबाईंकडे ठेवल्या आहेत. त्या मागताना आधी गुडघ्याचे विचारा, आणि नुसते 'हो का' म्हणून निसटू नका.