तेरा नंबरचा फलाट

बहारीनमधल्या, मनाम्यातल्या त्या ऑफिसात हॅलिवेलसाहेबांच्या मीटिंगला फोन चालत नसे. दाराशी एक वेताची टोपली असे, तिच्यात सगळ्यांनी, अगदी साहेबांनीसुद्धा, फोन टाकायचा. त्या बुधवारी लीनाने मात्र आपला फोन फायलीखाली लपवून आत नेला. तिची आई इंग्लंडात पहिल्यांदाच एकटी प्रवास करत होती. बोल्टनला मुलाकडे, निहारकडे, राहायला गेलेल्या आईला मँचेस्टरमध्ये मेथी मिळते असा शोध लागला होता. सकाळी निहारने तिला गाडीत बसवून दिलं आणि "येताना चौदा नंबरचा फलाट, लक्षात ठेव" एवढं सांगून तो कामावर गेला होता.

दीड वाजता फाईल थरथरली.

"लीना, निहार फोन उचलत नाहीये," आई म्हणाली. "गाडी सुटून पाच-सात मिनिटं झाली, पण सकाळचं काहीच दिसत नाहीये गं."

"कुठल्या फलाटावरून बसलीस?" लीनाने टेबलाखाली वाकून विचारलं.

"तेरा. चौदावर फार गर्दी होती."

म्हणजे आई चुकीच्या गाडीत बसली होती. बहारीनमध्ये आगगाडीच नाही, त्यामुळे दहा वर्षांत तिचा गाड्यांशी संबंध सुटलेला.

"बाहेर काय दिसतंय ते सांग."

"फार उंच पूल आहे. खाली रस्ते, घरं... अगं, पिरॅमिड!"

"काय?"

"निळा. काचेचा! ही गाडी इजिप्तला तर नाही ना जात?"

"ब्लू पिरॅमिड?" लीना ओरडली. सगळ्यांनी माना वळवल्या. समोर बसलेले दोन बहारीनी ग्राहकही तिच्याकडे बघायला लागले. हॅलिवेलसाहेबांनी चष्मा काढला.

"ब्लू पिरॅमिड?"

"सॉरी सर. माझी आई..."

"विचारा त्यांना, दुसऱ्या बाजूला उंच धुराडं आहे का? अक्षरं लिहिलेलं?"

"आहे की!" आई म्हणाली. "एच, ए, टी. हॅट." लीनाने ते मोठ्याने सांगितलं.

"स्टॉकपोर्ट!" साहेब खुर्ची ढकलून उठले. "माझं गाव! तिथे टोप्यांचे कारखाने होते. पूल संपला की लगेच स्टेशन आहे, तिथेच उतरायला सांगा! पुढचं स्टेशन फार लांब आहे."

"आई, आता स्टेशन येईल, तिथे उतर! यल्ला, लवकर!"

"उतरते, पण हा फोन आता दोन टक्के..." आणि आईचा आवाज बंद झाला.

लीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, "माझी बहीण डोरीन स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहते." मग ते अडखळले. "फक्त, आम्ही तीन वर्षं बोललेलो नाही. आमच्या आईची चहाची किटली दोघांनाही हवी होती."

ऑफिसातले सगळ्यांत जुने, रत्नागिरीचे इक्बालभाई हळूच म्हणाले, "सर, किटली राहू द्या बहिणीकडे. तिकडे यांची आई स्टेशनवर उभी आहे."

साहेबांनी टोपलीतून फोन काढला. नंबर त्यांना पाठ होता. घाईत स्पीकर चालू झाला, ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"आधी सॉरी म्हण," डोरीनबाईंचा आवाज आला.

साहेबांनी ग्राहकांकडे पाहिलं, एसीकडे पाहिलं. "सॉरी."

"ऐकू नाही आलं."

"सॉरी, डोरीन! किटली तुझी!"

"खलास, मिटलं!" एक बहारीनी ग्राहक समाधानाने म्हणाला.

"आता बोल, काय काम आहे?"

"स्टेशनवर एक भारतीय बाई असतील." निहारने सकाळी पाठवलेला आईचा फोटो लीनाने पुढे धरला. "हिरवी साडी, पांढरे बूट आणि हातात..." साहेबांनी लीनाकडे पाहिलं. तिने हातांनी जुडी करून दाखवली. "हातात गवत."

पुढची चाळीस मिनिटं मीटिंग कोणालाच आठवली नाही. साहेबांनी स्वतः लीनासाठी चहा आणला. "त्या पुलाला सत्तावीस कमानी आहेत," ते म्हणाले. "लहानपणी मी हरवलो, तेव्हा त्या मोजत घरी आलो होतो. तिथे कोणी हरवत नाही."

"इंशाल्ला, मिळतील हो मॅडम," इक्बालभाई तिसऱ्यांदा म्हणाले.

तेवढ्यात साहेबांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. एका स्वयंपाकघरात आई आणि डोरीनबाई समोरासमोर बसून मेथी निवडत होत्या.

"लीना, फार चांगल्या आहेत गं या!" आई म्हणाली. "भाषा कळत नाही, पण चहा कळला. यांना एक भाऊ आहे म्हणे, फोटो दाखवला. तीन बोटं दाखवून रडल्या बिचाऱ्या. तीन वर्षांत फोन नाही! कसला मेला भाऊ!"

"काय म्हणतायत आई?" साहेबांनी विचारलं.

"तुमचे आभार मानतेय, सर."

इक्बालभाई खिडकीबाहेर बघू लागले.

चारच्या सुमारास निहारचा घाबराघुबरा फोन आला. "ताई, आई कुठंय?"

"स्टॉकपोर्टला. जेवूनच निघेल म्हणते. आणायला जा, आणि मोकळ्या हातांनी जाऊ नकोस."

ऑफिस सुटताना लीना साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "सर, तुमचे कसे आभार मानू..."

"आभार मी मानायचे," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. "कितीतरी वेळा मी तो नंबर फिरवला, पण शेवटचा आकडा कधी दाबवलाच नाही." मग त्यांनी घसा खाकरला. "एक विनंती होती. पुढच्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला मी स्टॉकपोर्टला जातोय. आईंना पुन्हा एकदा चुकीच्या गाडीत बसायला सांगाल का? डोरीन म्हणते, त्या येणार असतील तरच ती केक करणार आहे."